काळ्यावर पिवळं

ताई दर रविवारी माहेरी जायची ती वडिलांना भेटायला, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं तर ती जायची वडिलांचा कॉम्प्युटर आवरायला. भेट आपली त्या निमित्ताने होऊन जायची. चहाचा कप हातात पडायच्या आत ती खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसलेली असायची. आठवडाभरात पडद्यावर साचलेला केर काढायचा, नको त्या फाइली टोपलीत टाकायच्या, आणि उरलेले आयकॉन बारीक करून उजव्या कडेला बाराखडीच्या क्रमाने एका ओळीत उभे करायचे. उजव्याच कडेला का, तर बाकी सगळी जागा फोटोला लागायची. फोटो ताईचाच होता, आठ वर्षांची असतानाचा: दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, बाबांच्या खांद्यावर बसून त्यांचे कान दोन्ही मुठींत धरलेले. बाबांचं त्यात फक्त कपाळ आणि ते कान तेवढे आले होते. हा फोटो डेस्कटॉपवर तिनेच लावला होता, बाबांना न विचारता. बापाला काय आवडतं हे लेकीने विचारायचं असतं का?

ताईचं औषधांचं दुकान होतं. भिंतभर खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी, आणि डोळे मिटून हात घातला तरी हवी ती बाटली हाताला लागेल अशी मांडणी. तिथे तिचे नियम चालायचे, आणि त्यातला एक नियम तर देवाज्ञाच: सारख्या नावाची औषधं एकमेकांशेजारी ठेवायची नाहीत, मग बाराखडी काहीही म्हणो. गिऱ्हाइकांची रांग लागली की घाईत हात शेजारच्या खणात जातो, आणि गेलेला हात परत येत नाही. या एका नियमावरून तिने एका नोकराला घरी बसवलं होतं आणि दुसऱ्याला रडवलं होतं.

घरीही तिची शिस्त अशीच. आई गेल्यापासून बाबांची सगळी जबाबदारी आपल्यावर आहे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. बाबा राहायचे धाकट्या भावाकडे, त्यांना सांभाळायची भावजय, पण सूत्रं ताईकडे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण ताईला तसं तोंडावर सांगणार कोण? तिने बाबांची स्कूटर बंद केली, कारण त्यांनी एकदा फाटकाला धडक दिली होती. चहातली साखर बंद केली. वरच्या फळीवरचे शब्दकोश काढायला स्टुलावर चढणं बंद केलं, म्हणजे शब्दकोशच बंद झाले म्हणायचे. प्रत्येक वेळी बाबा "बरं" म्हणाले.

एक गोष्ट मात्र चालू होती. बाबा शब्दकोडी रचायचे. एका वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत त्यांचं कोडं यायचं, नोकरीत होते तेव्हापासून. बुधवारपर्यंत कोडं पाठवायचं, शनिवारी छापून यायचं, आणि शनिवारी दुपारी बाबा खिडकीशी बसून कुणाचा तरी फोन यायची वाट बघायचे. "चौथा उभा भारी होता हं," एवढं कुणी म्हटलं की आठवडा सार्थकी लागायचा. बाबांना सकाळी उठायला दुसरं काही कारण उरलं नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता भावजय. ती दुकानांच्या पाट्या बनवायची. मोठी अक्षरं कापायची, रंगवायची, शिडीवर चढून लावायची. हाताला कायम रंग, ओढणीला कायम गाठ, आणि हसणं जिन्यापर्यंत ऐकू येणारं. ताईला ती आवडायची नाही, असं म्हणता येणार नाही. ताईला बाबांना ती आवडते हे आवडायचं नाही. ताईने सांगितलेलं बाबा ऐकायचे, पण भावजयीने सांगितलेलं त्यांना पटायचं. हा फरक ज्या दिवशी ताईच्या लक्षात आला, त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर तिच्या दुकानात औषध नव्हतं.

गेल्या वर्षभरात तर कहर झाला. ताई समोर बसून काही सांगत असायची आणि बाबा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत असायचे. पलीकडे स्वयंपाकघराचं दार होतं आणि बहुतेक वेळा दारात भावजय. बोलते कोण आणि बघतात कुणाकडे! ताईने एक रविवार गिळला, दुसरा गिळला, आणि मग एका रविवारी तिचा पारा चढला.

"बाबा, मी बोलतेय. माझ्याकडे बघा ना."

बाबा दचकले. "हो, हो," म्हणाले आणि त्यांनी नजर उचलून सरळ तिच्या तोंडावर आणून ठेवली. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलताना नाकासमोर बघायला लागले. ताईला वाटलं, गेलेला एक तरी किल्ला परत मिळाला.

पण कसलं काय. पुढे ताईने केस कापले. कमरेपर्यंतचा शेपटा होता, तो मानेवर आणला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने काही ना काही म्हटलं, अगदी खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या अनोळखी माणसानेसुद्धा. बाबा तासभर सरळ तिच्या तोंडाकडे बघत बसले आणि चकार शब्द बोलले नाहीत. वर त्याच दिवशी भावजय कपडे घेऊन बाजूने गेली, तर म्हणतात, "स्वेटर नवा का गं, सूनबाई? हिरवा चांगला दिसतो तुला." ताईने चहा अर्धा टाकला आणि मान दुखतेय सांगून घरी निघून गेली. नाहीतरी हलकी झालेली मान दुखतेच म्हणे.

एका मंगळवारी ताईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला. खोकी हलवून, फरशी पुसून झाल्यावर दुकान उघडण्यात अर्थ नव्हता. दुपार मोकळी मिळाली तशी ताईने सफरचंदं घेतली आणि रविवार नसताना माहेरी गेली. दार बंद होतं. तिच्याकडे किल्ली होती. घरात कुणी नव्हतं, बाबासुद्धा नाहीत, याचं तिला नवल वाटलं, पण बाबांच्या खोलीत कॉम्प्युटर चालू राहिला होता. ताईने सवयीने माऊस हलवला.

पडदा जागा झाला, पण उजेड काही पडला नाही. सगळा पडदा काळाकुट्ट होता. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक भलंमोठं फोल्डर, त्याखाली अंगठ्याएवढ्या जाड पिवळ्या अक्षरांत 'चालू'. उजव्या खालच्या कोपऱ्यात दुसरं फोल्डर, त्याखाली तशाच अक्षरांत 'छापलेली'. मध्ये माऊसचा बाण, तोही पिवळा आणि मिरचीएवढा. बाकी काही नाही. दोन वेण्या नाहीत, पडलेला दात नाही, कान नाहीत.

"हा कॉम्प्युटर आहे का 'येथे गाडी लावू नये'ची पाटी?" ताई रिकाम्या खोलीला म्हणाली.

पाटी म्हटल्यावर हे हात कुणाचे ते सांगायला नकोच. रविवारी तिने सगळं स्वतः लावलं होतं, आणि मधल्या एका दिवसात हिने ते पुसून टाकलं! विचारायची पद्धत नाही, सांगायची पद्धत नाही. ताई खुर्चीवर बसली. स्वयंपाकघर तुझं, भाऊ तुझा, जिन्यापर्यंत जाणारं हसणंही तुझंच. बाबांच्या पडद्यावर वीतभर जागा काय ती माझी होती, तीही तुला बघवली नाही? बाबांच्या खांद्यावरून कुणीतरी आपल्याला खाली उतरवून दारात उभं केलंय, असं तिला वाटलं, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला असं वाटावं याची तिला लाजही वाटली. लाज वाटली म्हणून राग कमी होतो असं नाही, उलट वाढतो.

मग तिने बाह्या सरसावल्या. काळा रंग गेला. फोटो तिच्या फोनमध्ये होताच, तो आणून पडदाभर पसरला. बाण नेहमीचा झाला, अक्षरं नेहमीची झाली, लपवलेले आयकॉन परत आले, बारीक झाले आणि मुकाट्याने उजव्या कडेला बाराखडीप्रमाणे एकाखाली एक उभे राहिले: इंटरनेट, चालू, छापलेली, टोपली. ताईने मागे रेलून बघितलं. दात पडलेली पोरगी पडद्यावरून तिच्याकडे बघून हसली. जाता जाता तिने सफरचंदं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मधोमध ठेवली. कोण येऊन गेलं ते कळू दे.

शनिवारी दुकानात नेहमीचे मास्तर आले. रक्तदाबाच्या गोळ्या काढून होईपर्यंत बाकावर बसून कोडं सोडवायचं हा त्यांचा परिपाठ. त्या दिवशी पेन्सिल खिशातच राहिली.

"तुमच्या वडिलांची तब्येत बरी आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"का हो?"

"हे बघा. पहिला आडवा, पाच अक्षरी, असं लिहिलंय. चौकटीत घरं तीन. पहिला उभा म्हणावं तर तिथे काळं घर. म्हणजे हे कोडं आहे का कोड्याचं कोडं?" मास्तर वाईट वाटून बोलत होते, म्हणून जास्तच लागलं. "इतकी वर्षं एक काना चुकला नव्हता."

ताईने पुरवणी हातात घेतली. चौकट एका कोड्याची आणि संकेत दुसऱ्याच कोड्याचे, हे तिलासुद्धा कळलं. तिचा पारा पुन्हा चढला. काळं, पिवळं, मिरचीएवढा बाण! बाबांची बसलेली घडी मोडायची आणि मग काय होणार दुसरं? खोटं कशाला बोला, त्या रागात थोडा आनंदही होता. आता बाबांना कळेल कुणाचं ऐकायचं ते. तिने ती पुरवणी घडी करून पर्समध्ये ठेवली.

रविवारी दार धाकट्याने उघडलं. "ताई, आज जरा सांभाळून," तो हळूच म्हणाला. "पुरवणीच्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, आता विश्रांती घ्या. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या कुणाला देतायत."

बाबा खिडकीशी बसले होते. कॉम्प्युटर बंद होता आणि त्यावर टॉवेल टाकलेला होता, पाहुणे झोपले की दिव्यावर टाकतात तसा. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताईने पर्समधून पुरवणी काढून टेबलावर उघडली.

"तुला बाबांच्या कामात हात घालायला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"मी?" भावजय म्हणाली.

"मग कोण? सगळं काळं-पिवळं करून ठेवलं होतंस. मंगळवारी मी आले म्हणून मला दिसलं. इतक्या वर्षांची बाबांची सवय तू एका दिवसात बदललीस. झालं समाधान?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण भावजयीने त्याच्याकडे बघून मान हलवली. तिचाही चेहरा लाल झाला होता. ती काही गरीब गाय नव्हती.

"ताई, मी बोलले तर म्हणाल उलट बोलते," ती म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही इथे बसा. डोळ्यांनीच बघा."

तिने टॉवेल काढला आणि कॉम्प्युटर सुरू केला. रविवारी ताई यायची तेव्हा तो नेहमी आधीपासून उघडून ठेवलेला असायचा. तो सुरू होताना ताईने कधी बघितलाच नव्हता. पडद्यावर दोन गोल उमटले, त्यांच्याखाली दोन नावं. एक 'रोज'. दुसरं 'रविवार'.

भावजयीने 'रविवार' दाबलं. फोटो आला, बारीक आयकॉन आले, ताईने गेल्या रविवारी ठेवले होते अगदी तसे.

"हे तुमचं," भावजय म्हणाली. "याला कुणी हात लावलेला नाही. शनिवारी बाबा मला सांगतात, सूनबाई, उद्या ताई येणार, रविवार उघडून ठेव. सोमवारी सकाळी परत रोज. आणि रोजचं तुम्ही मंगळवारी बदललंत."

ताई पडद्याकडे बघत राहिली. पाहुण्यांनी दिलेली फुलदाणी पाहुणे येणार म्हटलं की माळ्यावरून काढतात, आणि ते गेले की परत ठेवून देतात. तसं हे चाललं होतं, किती दिवस कोण जाणे. आणि सगळ्या घराला ठाऊक होतं. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो बारीक निघाला.

"बाबा, फोटो आवडत नाही तर तसं सांगायचं."

"फोटो मीच काढलाय तो," बाबा म्हणाले. "आरशासमोर उभं राहून, तोंडासमोर कॅमेरा धरून. न आवडायला काय झालं?" मग म्हणाले, "मला मधलं दिसत नाही गं. समोर जे असेल त्याच्या मधोमध एक पुसल्यासारखा डाग येतो. कडेकडेचं दिसतं. दोन्ही डोळ्यांना आहे. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच गेलो होतो, हिच्याबरोबर."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"औषध?"

"गोळ्या आहेत. बरं होत नाही त्याने, वाढू नये म्हणून घ्यायच्या."

"गोळ्या कुठून आणता?" ताईने विचारलं. एवढं सगळं ऐकल्यावर माणूस काय विचारेल आणि हिने काय विचारलं! पण ज्याला जिथे लागतं तिथेच हात जातो.

बाबांनी खिडकीकडे बघितलं. "बसथांब्याजवळच्या दुकानातून."

"त्याच्याकडून?" ताईचा आवाज आता फुटला. "तो खोकी कशीही रचतो. माझं दुकान वाटेत असताना तुम्ही वळसा घालून त्याच्याकडे जाता?"

"मी आणते," भावजय हळू म्हणाली.

"मला का नाही सांगितलंत?"

बाबांना कुणाला दुखवायची सवय नव्हती. म्हणून तर इतकं साचलं होतं. "सांगितलं असतं, तर तू कोडं बंद केलं असतंस," ते म्हणाले. "डोळ्यांना ताण नको म्हणून. आणि मी बरं म्हटलं असतं. तू काळजीपोटीच करतेस, ते मला कळतं. पण तू बंद करतेस. हिला सांगितलं तर हिने अक्षरं मोठी केली."

स्कूटर, साखर, शब्दकोश, एकेक गोष्ट ताईसमोर येऊन उभी राहिली आणि प्रत्येकीने तिला 'बरं' म्हटलं. आपण बाबांचं सगळं बघतो, असं ती दुकानात येईल-जाईल त्याला सांगायची. तिला पाट्या रंगवणारीचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. आतापर्यंत तिला वाटायचं, हिने काहीतरी पळवलं. पळवलं नव्हतं, आपणच रिकामं करून ठेवलं होतं, आणि हिला ते नुसतं भरायचं होतं.

"बुधवारी काय झालं?" तिने विचारलं.

"बुधवारी ही बाहेरगावी, पाटी लावायला. हा ऑफिसात. मी कॉम्प्युटर उघडला, तर सगळं मुंग्यांएवढं. संकेत मी आधीच मेलमध्ये चिकटवून ठेवले होते. चौकट तेवढी जोडायची राहिली होती. हिने एक फोल्डर या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि दुसरं पार त्या कोपऱ्यात, म्हणजे माझा हात चुकायला नको. त्या दिवशी दोन्ही एकाखाली एक आली होती. चालू समजून छापलेलीत हात गेला. जुनी चौकट गेली."

चालू, छापलेली. एकाखाली एक, बाराखडीप्रमाणे. ताईने डोळे मिटले. सारखी नावं शेजारी ठेवायची नाहीत, म्हणून तिने भर दुकानात एका पोराला रडवलं होतं. तो नियम तिने स्वतःच मोडला होता, तोही गिऱ्हाइकाच्या नाही, सख्ख्या बापाच्या बाबतीत. आणि त्याचा पुरावा म्हणून पुरवणी घडी घालून स्वतःच घेऊन आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

"मला फोन करायचा होता," ती म्हणाली. "मी जागेवर बसून सांगितलं असतं, कुठे काय आहे ते."

"हिला केला. ही शिडीवर होती, फोन खाली पिशवीत." बाबा जरा हसले. "तुला काय सांगणार होतो? पडद्यावर तू आहेस आणि तू मला दिसत नाहीस, म्हणून?"

धाकटा उठून पाणी प्यायला निघून गेला. ताईने फोन उचलला आणि भावाला हाक मारून संपादकांचा नंबर विचारला.

"नको," बाबा म्हणाले. "मी त्यांना सांगितलंय, माझी चूक झाली म्हणून."

"ते खोटं आहे," ताई म्हणाली.

संपादकांनी फोन उचलला तेव्हा त्यांच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता. ताईने आपण कोण ते सांगितलं आणि मग एका दमात म्हणाली, "कोड्याचा घोळ वडिलांनी नाही केला. मी केला. त्यांच्या डोळ्यांना सोयीचं म्हणून भावजयीने कॉम्प्युटर लावून दिला होता, तो मी त्यांना न विचारता बदलला. का बदलला ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. पण त्यांचं कोडं बरोबरच होतं. हवं तर आत्ता बरोबर चौकट पाठवते, संकेत घालून बघा."

वाचकांचे बरेच फोन आलेत, संपादक म्हणाले. दुसऱ्या माणसाशी बोलणंही झालंय. मग म्हणाले, ठीक आहे, बरोबर चौकट येत्या शनिवारी दिलगिरीसह छापू, त्याच्यासोबत नवं कोडंही पाठवा, पण पाठवण्याआधी घरातल्या कुणीतरी नजर टाका. तेवढं जमेल ना?

"जमेल," ताई म्हणाली. कुणाची नजर, ते तिने विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. खरं तर जिभेच्या टोकावर 'मी' आलं होतं. ते तिने कसंबसं मागे लोटलं.

फोन ठेवून ती खुर्चीवरून उठली. "ये," भावजयीला म्हणाली. "ते तुझं पिवळं परत लाव."

भावजय बसली. तिचे रंगलेले हात भराभर चालले. दात पडलेली पोरगी एकदा हसली आणि काळ्यात गेली. 'चालू' डाव्या कोपऱ्यात गेलं, 'छापलेली' उजव्या. बाबा खुर्ची सरकवून पडद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "हां, आता कसं." ताईला ते बघून बरं वाटलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. तिला लागलं. पण ती तिथून हलली नाही.

"रविवार राहू दे का?" भावजयीने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

"नको. काढून टाक," ताई म्हणाली.

चहा झाला. भावजय कप गोळा करायला लागली. ताई बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, आणि बाबांनी सवयीने, शहाण्या मुलासारखं, नजर सरळ तिच्या तोंडावर आणून ठेवली. ताई त्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"बाबा," तिने विचारलं, "आत्ता मी कशी दिसते?"

"तू आहेस ना समोर. आवाज येतोय."

"दिसते कशी?"

बाबा खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "सरळ बघितलं की तोंडाच्या जागी डाग येतो. पूर्वी मी जरा बाजूला बघायचो, म्हणजे तू कडेने चांगली दिसायचीस. पण तुला ते आवडलं नाही. माझ्याकडे बघा म्हणालीस."

किल्ला परत मिळाला होता, तो असा मिळाला होता. इतके रविवार बाबा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते ते दारातल्या भावजयीसाठी नाही, तिच्यासाठी. आणि तिने त्यांना दटावून समोर बघायला लावलं, त्या दिवसापासून आजपर्यंत तिचा चेहरा त्यांनी बघितलाच नव्हता. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. दिसणार होतं कुणाला?

भावजय कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचली होती, आता आत वळणार.

"थांब गं," ताई म्हणाली. "जरा तिथेच उभी राहा."

भावजय कप हातात घेऊन दारात थांबली.

"बाबा," ताई म्हणाली, "तिच्याकडे बघा."

बाबा घुटमळले. मग त्यांची नजर ताईच्या तोंडावरून सरकली, कानावरून गेली, खांद्यावरून पलीकडे दारातल्या हिरव्या स्वेटरवर जाऊन थांबली. थोडा वेळ ते तसेच बघत राहिले.

"अगं," बाबा म्हणाले, "तू केस कधी कापलेस?"